खेळण्यांनी भरलेल्या घरात वाढदिवसाला काय द्यावं?

लहान मुलांच्या वाढदिवसाच्या भेटींबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांतली अडचण एकच आहे: मुलाकडे सगळं आहे, मग आता काय न्यायचं? बालवाडीत शिकवणाऱ्या आणि खेळणी घडवणाऱ्या मंडळींनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

माझ्या भाच्याला पुढच्या महिन्यात चार वर्षं पूर्ण होतील. ताईकडे खेळण्यांचे तीन मोठे डबे भरलेत. तो सगळं जमिनीवर उपडं करतो आणि दहा मिनिटांत दुसरीकडे निघून जातो. हजार रुपयांपर्यंत काय घेऊ? रिमोटची गाडी चालेल का?
— एक मावशी, नाशिक

रिमोटची गाडी नको. तिच्यात मुलाला करण्यासारखं फार थोडं असतं. दोन कळा दाबायच्या आणि गाडी सोफ्याखाली अडकली की मोठ्यांना हाक मारायची, एवढंच. सेल संपले की ती तिसऱ्या डब्याच्या तळाशी जाते.

दुकानात जाण्याआधी ताईला फोन करून तीन गोष्टी विचारा. गेल्या आठवड्यात त्यानं स्वतःहून कशाला हात लावला? खेळताना तो करतो काय: रांगा लावतो, ओतून बघतो, रचून पाडतो, की कुणाचं तरी सोंग घेतो? आणि कुठल्या खेळात तो अडतो नि चिडतो? या तिसऱ्या उत्तरात बहुतेक वेळा भेट सापडते. गाड्या भरपूर आहेत पण रस्ता नाही. ठोकळ्यांचं घर होतं पण त्यात राहायला कुणी नाही. डॉक्टरची पेटी आहे पण पट्टी बांधायला पट्टीच नाही. अशा घरात नव्या खेळण्याची गरज नसते. असलेल्या खेळाला जोड हवी असते.

गाड्यांचं वेड असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून रंगारी वापरतात ती कागदी टेप आणा. एक इंच रुंदीची दोन रिळं सरळ रस्त्यांसाठी आणि अर्धा इंचाचं एक वळणांसाठी. रुंद टेप वळवताना चुण्या पडतात, अरुंद टेप नीट वळते. फरशीवर दोन पट्ट्यांमध्ये १२ सेंमी अंतर ठेवलं की लहान धातूच्या गाड्या समोरासमोरून जाऊ शकतात. टेप आठवड्याभरात काढायला सांगा, कारण ऊन येणाऱ्या फरशीवर डिंक मागे राहतो. राहिलाच तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवून पाच मिनिटांनी पुसायचा. रंगवलेल्या भिंतीवर मात्र टेप लावू देऊ नका, काढताना रंगाचे पोपडे निघतात.

एकमेकांत बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे असतील तर त्यांतलाच एक ठोकळा खिशात घालून दुकानात जा आणि नव्या ठोकळ्यावर बसवून बघा. लेगोचे छोटे ठोकळे आणि त्याच कंपनीचे मोठे ड्युप्लो एकमेकांवर बसतात, कारण ड्युप्लोची मापं बरोबर दुप्पट ठेवली आहेत. पण दिसायला तसेच असणारे सगळेच बसतील असं नाही. काही सैल पडतात, काही इतके घट्ट बसतात की मुलाला सोडवता येत नाहीत. दोन्ही प्रकारांत नवा संच वेगळाच पडून राहतो. ठोकळे पुरेसे असतील तर नुसता एक मोठा पायाचा पत्रा, म्हणजे ज्यावर ठोकळे घट्ट बसतात ती सपाट प्लेट, द्या. पायाला घट्ट पकड मिळाली की मूल उंच बांधायला लागतं.

दुसरा मार्ग वापरून संपणाऱ्या वस्तूंचा. चित्रांची पेटी तुम्ही स्वतः भरा. तयार मिळणाऱ्या पेट्यांत पन्नास वस्तू असतात आणि कामाच्या पाच. तुमच्या पेटीत १४० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किंवा त्याहून जाड कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेच्या, कागदाचे मोठे, ए-थ्री आकाराचे २५ ताव. पोस्टर रंगाच्या लाल, पिवळा, निळा आणि पांढरा अशा चारच बाटल्या. एक चपटा आणि एक गोल ब्रश, दोन्ही जाडसर. खडूंसारखे जाड मेणरंग. आणि बोथट टोकाची पण पातं धातूचं असलेली कात्री घाला. छपाईचा साधा कागद ८० जीएसएमच्या आसपास असतो. तो ओला झाला की गोळा होतो आणि मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. प्लॅस्टिकच्या पात्याची कात्री कागद कापत नाही, दुमडते. मूल डावखुरं असेल तर डाव्या हाताची कात्री मागा, नेहमीच्या कात्रीनं त्याला रेघ दिसतच नाही. पोस्टर रंग दोन भाग आणि पाणी एक भाग घेतलं की ब्रश छान सरकतो. एवढं सगळं हजाराच्या आत बसतं.

शाडू माती तर आम्हाला सगळ्यांत आवडती भेट वाटते. कोरडी पूड घेतली तर किलोला साधारण ३०० मिली पाणी लागतं, पण ते थोडं थोडं घालायचं. पूड नाकात जाऊ नये म्हणून पहिलं मळणं मोठ्यांनी करायचं, मग गोळा रात्रभर ओल्या फडक्यात ठेवायचा. वाळताना तडे जातात ते दोन कारणांनी: माती कोरडी मळलेली असते किंवा वस्तू उन्हात घाईनं वाळवलेली असते. मूर्तिकार घालतात तसा थोडा कापूस पिंजून घातला की बारीक हातपाय तुटत नाहीत. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, चमचाभर पूड पाण्यात कालवून बघा. अर्ध्या तासात गरम होऊन दगड झाली तर ते प्लॅस्टर ऑफ पॅरिस आहे. त्यात हात बुडवून बसलेल्या मुलाची कातडी भाजू शकते. शाडू दुसऱ्या दिवशीही मऊच राहते.

नातीचा दुसरा वाढदिवस आहे. जत्रेतली, गाडीवरची खेळणी आम्ही मुलांना बिनधास्त दिली. आता सून म्हणते, आई, बघून घ्या. नेमकं काय बघायचं? आणि खेळणं नको तर काय द्यायचं?
— एक आजी, सांगली

सूनबाईंचं म्हणणं ऐका. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं सक्तीचं आहे. नुसतं चिन्ह पाहून थांबू नका. त्याच्याजवळ सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते कळतं. हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांना या नियमातून सूट आहे, म्हणून सावंतवाडीच्या किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नसलं तरी लगेच नाकारू नका. तिथे तपासणी आपण करायची. पांढरं ओलं फडकं मिनिटभर घासून रंग उतरतो का पाहा, कडांवरून बोट फिरवा, चाक आणि खुंटी ओढून बघा. चन्नपट्टणची खेळणी चरकावर (लेथवर) फिरवत लाखेनं रंगवतात, तो रंग सहसा पक्का असतो. सावंतवाडीची फळं सुरेख दिसतात, पण ती ब्रशनं रंगवलेली असतात. सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला ती वर्षभर फळीवर ठेवून दाखवा. घरातली जुनी रंगीत लाकडी खेळणीही नको. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही.

आकाराची परीक्षा घरीच होते. स्वच्छतागृहातल्या कागदी रिळाची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. खेळणं किंवा त्याचा सुटा होणारा भाग त्या नळीत पूर्ण शिरत असेल तर तीन वर्षांखालच्या मुलाच्या घरात तो नको.

चार गोष्टी आल्या तर परत पाठवा, कोणी कितीही प्रेमानं आणल्या तरी. पहिली, बटणासारखे चपटे सेल असलेलं आणि झाकणाला स्क्रू नसलेलं काहीही: गाणारं कार्ड, चमकणारी अंगठी, लुकलुकणारी चप्पल. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, थेट एक्स-रेची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं. दुसरी, छोटे ताकदवान चुंबक. दोन गिळले की ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भागाला भोक पडतं. तिसरी, पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी. ते पोटातही फुगतात आणि साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत. चौथी, रबरी फुगे. टांगलेला फुगा ठीक, फुटलेल्याचे तुकडे त्याच क्षणी उचला.

आता द्यायचं काय? दोन वर्षांच्या मुलीला सगळ्यांत जास्त हवं असतं ते मोठ्यांच्या उंचीवर पोचणं. सुताराकडून एक भक्कम पायरी करून घ्या: उंची १५ ते २० सेंमी, वरची फळी ३० बाय ३५ सेंमी, पाय फळीपेक्षा थोडे बाहेर झुकलेले आणि खाली रबराच्या टोप्या. पाय सरळ खाली किंवा आत घेतले तर कडेवर पाय पडताच पायरी कलते. हीच पायरी बेसिनला, ओट्याला, देवघरापाशी चालते आणि सहाव्या वर्षापर्यंत वापरात राहते. सोबत तिच्या हाताचं पोळपाट-लाटणं द्या, खरं लाकडाचं, कणीक लाटता येईल असं. नुसतं भातुकलीतलं देऊ नका.

मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाला पन्नास माणसं येतात. ‘भेटवस्तू नको’ लिहिलं तर वडीलधारे दुखावतात, न लिहिलं तर घरात पाय ठेवायला जागा राहत नाही. काय करावं?
— एक वडील, पिंपरी

निमंत्रणात नुसतं ‘नको’ लिहिलं तर कुणी मानत नाही आणि जो मानतो तो रिकाम्या हातानं आल्यावर अवघडतो. नकाराऐवजी एक सोपी, स्वस्त आणि सगळ्यांना जमणारी गोष्ट मागा. उदाहरणार्थ: ‘चिरंजीवांसाठी काही आणावंसं वाटलं तर कृपया एकच गोष्टीचं पुस्तक आणा, तुमच्याकडचं जुनं असलं तर अधिकच आनंद, पहिल्या पानावर तुमचं नाव आणि आशीर्वाद लिहा.’ आजी-आजोबा, आत्या, मामा यांना हा मजकूर पाठवून चालणार नाही. त्यांना फोन करा आणि प्रत्येकाला वेगळं सांगा, आणि तेही त्यांच्याच सल्ल्यानं ठरवा. मामाला सायकल, आत्याला रंग. दोन-तीन जणांनी मिळून एक मोठी वस्तू द्यायची सूचना घरातल्याच कुणा मोठ्याकडून गेली तर ती सहज स्वीकारली जाते.

सायकल ठरलीच तर वय बघून घेऊ नका. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा आणि जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. पेडल नसलेल्या सायकलचं आसन या मापाहून दोन-तीन सेंमी खाली यायला हवं, म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण टेकतात. तिसऱ्या वर्षी हीच सायकल घ्या. तोल पायांनी शिकलेलं मूल पुढे पेडलवर लवकर जातं. आधाराच्या दोन छोट्या चाकांवर तोल शिकता येत नाही, ती काढली की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. ‘वाढतं मूल’ म्हणून एक माप मोठी घेतलेली सायकल वर्षभर भीतीनं कोपऱ्यात उभी राहते.

आलेल्या भेटी त्या संध्याकाळी सगळ्या उघडू नका. दोन उघडा, बाकी कपाटात ठेवा आणि आठवड्याला एक काढा. देणाऱ्याला त्या दिवशी खेळतानाचा फोटो पाठवा, मानही राहतो. घरातल्या खेळण्यांचेही तीन गट करा. एक बाहेर, दोन माळ्यावर, दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. समोर १६ ऐवजी चारच खेळणी ठेवली तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. अदलाबदल करताना मुलाचं रोज कुशीत घेऊन झोपायचं अस्वल किंवा सध्या चालू असलेला खेळ उचलू नका. चूक होते ती इथेच, आणि मग मूल प्रत्येक वस्तूवर पहारा देऊ लागतं.

जास्तीचं देऊन टाकायचं तर जवळच्या अंगणवाडीच्या सेविकांना आधी विचारा. तिथली मुलं तीन ते सहा वर्षांची असतात, त्यांना पूर्ण संच आणि भक्कम वस्तू लागतात. तुकडा हरवलेलं कोडं, चाक निखळलेली गाडी, न धुतलेलं मऊ अस्वल देऊ नका.

धाकट्याच्या वाढदिवसाला पाच वर्षांची मोठी रुसते. तिलाही काहीतरी घ्यावं का?
— एक आई, सोलापूर

घेऊ नका, काम द्या. वाढदिवसाच्या दिवशीचं एखादं खरं, दिसणारं काम: आलेल्यांना कुंकू लावणं, केकच्या ताटल्या नेऊन देणं, भेटींवर कुणाकडून आलं त्याची चिठ्ठी चिकटवणं. धाकट्याची भेट निवडायला तिला सोबत न्या आणि दोनांतलं एक तिला ठरवू द्या. दर वेळी बरोबरीची भेट दिली की दोघंही मोजायला शिकतात.

बाजारातले ठोकळे हलके आणि भडक असतात. मुलीच्या चौथ्या वाढदिवसाला गावच्या सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्यायचे आहेत. माप आणि लाकूड सांगाल का?
— एक वाचक, चिपळूण

फार चांगला विचार आहे. नीट केलेला संच दुसऱ्या वर्षापासून दहाव्यापर्यंत चालतो आणि पुढच्या पिढीलाही जातो.

बालवाड्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेलं प्रमाण १ : २ : ४ असं आहे. मूळ ठोकळा ३.५ सेंमी जाड, ७ सेंमी रुंद, १४ सेंमी लांब. यातूनच बाकीचे निघतात: अर्धा ७ सेंमी लांबीचा, दुप्पट २८ सेंमीचा, खांब ३.५ बाय ३.५ बाय १४ सेंमीचा आणि अर्धा ठोकळा कर्णावर कापून झालेले त्रिकोण. घरच्या एका मुलीला ५० नग पुरतात: मूळ २०, अर्धे १२, दुप्पट ८, खांब ६, त्रिकोण ४. याला निव्वळ लाकूड अर्ध्या घनफुटाहून किंचित जास्त लागतं. करवत आणि रंध्यात जाणारं धरून सुताराला पाऊण ते एक घनफूट सांगा. सागवानात वजन दहा किलोच्या पुढे जातं, म्हणून एक खोल पेटी नको, दोन उथळ खोकी करा. खोल पेटीत तळाचे ठोकळे कधीच वर येत नाहीत.

लाकूड मुरलेलं हवं, कोकणात तर हे सगळ्यांत महत्त्वाचं. ओलं लाकूड वाळताना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे १४ सेंमी लांबी तशीच राहते आणि ७ ची रुंदी ६.८ होते. मग दोन ठोकळे शेजारी ठेवून एका लांबीइतके होत नाहीत आणि ज्या गणितासाठी हे माप घेतलं तेच बिघडतं. सागवान किंवा शिवण उत्तम. आंब्याला कीड लवकर लागते. प्लायवूडच्या कडांचे कुसळ निघतात. पडक्या घराच्या चौकटीचं जुनं सागवान मिळालं तर सोनं, पण त्यातले खिळे शोधून काढायला हवेत. जुना तैलरंग असेल तर पॉलिशपेपरनं घासून काढू नका, त्या धुळीत शिसं असू शकतं. रंगाचा थर अंगणात मुलांपासून दूर, रंध्यानं पूर्ण उतरवा आणि ते भुसकट गोळा करून टाका, चुलीत घालू नका.

कापण्याचा क्रम सुताराला आधीच सांगून ठेवा. आधी सगळी पट्टी ७ आणि ३.५ सेंमीला रंधून घ्यायची, मग आडवे काप. प्रत्येक लांबीसाठी यंत्रावर एकदा ठोकर, म्हणजे लाकूड नेमक्या मापावर अडवणारा अडसर, बसवायची आणि त्या मापाचे सगळे नग सलग कापायचे. दरवेळी टेपनं मोजून कापले तर एक-दोन मिलिमीटरचा फरक येतोच. २८ सेंमीचा तुकडा मधोमध कापून दोन १४ चे होत नाहीत, पात्याच्या जाडीचे सुमारे ३ मिमी भुशात जातात. नग ताब्यात घेताना दहा मूळ ठोकळे एकावर एक आडवे ठेवा. उंची ३५ सेंमी भरली पाहिजे आणि मनोरा डुलता कामा नये.

कडा दोन मिलिमीटर गोल मारायला सांगा, त्याहून जास्त नको, नाहीतर ठोकळ्यांची एकमेकांवर टेकण्याची जागा कमी होते. पॉलिशपेपर ८०, मग १२०, शेवटी २२०. वरून चकचकीत पॉलिश नको, मनोरे घसरतात. काहीच न लावलेलं सागवान चालतं. हवंच असेल तर एक भाग मधमाशांचं मेण चार भाग खोबरेल तेलात वितळवून फडक्यानं पातळ लावा आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं पुसून काढा. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ जवसाचं तेल वापरू नका, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

नातीच्या वाढदिवसाला खेळण्याऐवजी तिच्या नावे पैसे ठेवावेत असं वाटतं. सुकन्या खातं मी उघडू शकतो का?
— एक आजोबा, कोल्हापूर

खातं आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकांनी उघडायचं, तुम्ही त्यात पैसे भरू शकता. मुलगी दहा वर्षांखालची हवी. आर्थिक वर्षात किमान २५० रुपये आणि सगळ्यांनी मिळून जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. भरणा १५ वर्षं करायचा, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत संपते. अठराव्या वर्षानंतर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत काढता येते. नातू असता तर पोस्टातली पाच वर्षांची आवर्ती ठेव सुचवली असती, महिना १०० रुपयांपासून ती सुरू होते. पासबुक मात्र तिच्या हातात भेट म्हणून देऊ नका, त्यात तिला काहीच दिसत नाही. त्या दिवशी मेथीदाणे आणि एक पसरट कुंडी घेऊन जा. दाणे रात्रभर भिजवून कुंडीतल्या दहा सेंमी मातीच्या थरावर वरवर पेरले की तीन-चार दिवसांत कोंब येतात आणि तीन आठवड्यांत भाजीपुरती मेथी होते. धने दिले तर ते आधी लाटण्यानं दोन भागांत फोडायचे, आणि दहा-बारा दिवस वाट पाहायला लावतात हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा पेरणाऱ्या मुलीला मेथीच बरी.

खेळण्याऐवजी कुठेतरी फिरवून आणायचं ठरवलं, पण साडेचार वर्षांच्या पुतण्याच्या तोंडावर ‘माझी भेट कुठंय?’ असंच होतं.
— एक काका, पुणे

त्याचं बरोबर आहे. ‘पुढच्या रविवारी’ हे त्याला हातात धरता येत नाही. एका पुठ्ठ्यावर जायच्या ठिकाणाचं चित्र काढा, खाली जायच्या दिवसापर्यंतचे चौकोन आखा आणि रोज एक रंगवायला द्या. सात चौकोनांपेक्षा जास्त नकोत. सोबत त्या सहलीत वापरायची एक वस्तू द्या: पाठीवरची छोटी पिशवी, तिकीट ठेवायचं पाकीट, शिट्टी.

जागा एकच आणि वेळ दोन-तीन तासांची ठेवा. पुण्यात पेशवे उद्यानातली फुलराणी आहे, १९५६ पासून मुलांना फिरवणारी. कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय आगगाड्या आवडणाऱ्या मुलाला भारून टाकतं, पण तिथे हात लावायचा नसतो हे घरून निघतानाच सांगा. कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि मुंबईची राणीची बाग दोन्ही बुधवारी बंद असतात. माथेरानची गाडी डोक्यात असेल तर वाढदिवस कधी येतो ते पाहा. नेरळहून चढणारी गाडी पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा तेवढा चालू असतो आणि साडेचार वर्षांच्या मुलाला तेवढाच पुरतो. दुपारच्या झोपेची वेळ टाळा. बऱ्याच सहली फसतात त्या भुकेनं किंवा झोपेनं.

लेक जर्मनीत असते. नातवाला तीन वर्षं पूर्ण होतायत. तिथे सगळं मिळतं, मग इथून काय पाठवू?
— एक आजी, ठाणे

तिथे न मिळणारी गोष्ट म्हणजे तुमच्या आवाजातलं मराठी. मोठ्या चित्रांची, पानावर एक-दोन वाक्यं असलेली तीन पातळ मराठी पुस्तकं निवडा. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाकडे आणि नॅशनल बुक ट्रस्टकडे अशी पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचून आधी चाचपणी करता येते. पुस्तक पाठवण्याआधी ते फोनवर वाचून ध्वनिमुद्रित करा. पंखा बंद, दार-खिडक्या लावलेल्या, फोन तोंडापासून वीतभर दूर. पान उलटायच्या जागी वाटीवर चमचा एकदा वाजवा आणि तीन-चार सेकंद थांबा, म्हणजे नातू त्या आवाजावर स्वतः पान उलटेल. एक गोष्ट पाच मिनिटांच्या आत संपवा. घाईनं वाचू नका, आणि मध्येच चित्राबद्दल एखादा प्रश्न त्याचं नाव घेऊन विचारा: ‘मांजर कुठं लपलंय रे?’ प्रत्येक गोष्टीची वेगळी फाईल करून लेकीला पाठवा आणि फाईलला पुस्तकाचंच नाव द्या. पार्सलमध्ये सेल असलेलं काही घालू नका, त्यावरून पार्सल अडकतं. जागा उरली तर तुमच्या जुन्या सुती साडीचे एक मीटरचे दोन तुकडे कडा दुमडून शिवून घाला. तंबू, झोळी, राजाचा शेला असं त्याचं काहीही होतं, आणि पार्सलचं वजन फारसं वाढत नाही.